दोन फुटांत पाचजणी

फायटर मासा घ्यायला आलेल्या माणसाची मासोळीचे वडील आधी उलटतपासणी घेत. टाकी केवढी? झाकण आहे का? हा मासा उडी मारतो, ठाऊक आहे का? सोबतीला काय सोडणार? गिऱ्हाईक 'गप्पी' म्हणालं की ते कपाळाला हात लावत. गप्पीची झुलती शेपटी बघून फायटरला वाटतं, दुसरा नर घरात घुसला. मग सकाळी गप्पी असतो, शेपटी नसते. 'बरणीत ठेवू' म्हणणाऱ्याला ते सरळ दुकानाचं दार दाखवत. नर एकटाच, त्याला निदान वीस लिटर पाणी, पाण्याला ऊब, आणि सोबत हवीच असेल तर दोन गोगलगायी. टाकी मोठी असेल तर तळ चाळत फिरणारे सहा-सात कोरी, तेही गरीब जातीचे छोटे मासे. त्याखाली बोलणं नाही. माशांच्या बाबतीत माणूस सोन्यासारखा होता. माणसांच्या बाबतीत त्याला डोळेच नव्हते.

मासोळी त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं खरं नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण नर्सिंगच्या हॉस्टेलात पहिल्याच दिवशी तिच्या बॅगेला माशांच्या खाण्याचा वास आला आणि त्या वासानं तिचं बारसं झालं. खोली सातव्या नंबरची, खाटा पाच, माणसं चार. खिडकीजवळची खाट फौजदारची. ही तिसऱ्या वर्षाची, उंच, आवाज असा की वॉर्डातले पेशंट दुखणं विसरून उठून बसत. तिच्या दोन्ही बाजूंना जुळ्या. त्या काही बहिणी नव्हत्या, साधं नातंही नव्हतं. पण फौजदार हसली की दोघी एकदम हसत, म्हणून जुळ्या. मधली खाट रिकामी, तिच्यावर सगळ्यांचे न धुतलेले कपडे. आणि बाथरूमच्या दाराला लागून, जिथं दार उघडताना खाटेच्या लोखंडावर आपटायचं, तिथं मासोळी.

त्या खोलीत एक खेळ होता. फौजदार सकाळी केस विंचरताना सहज म्हणायची, "आज ती नाही." बस. मग ती नसायची. तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिच्याकडे कुणी बघायचं नाही. ती खाटेवर बसलेली असली तरी तिच्या मांडीवर ओला टॉवेल टाकायचा, कारण तिथं कुणी नाहीच. ती वाचत असली तरी दिवा घालवायचा. ती बाथरूममध्ये असली तरी बाहेरून कडी. फौजदार तिच्या नावानं हाक मारेपर्यंत हे चालायचं. 'ती' म्हणजे कोण हे कधी सांगावं लागलं नाही. अकरा महिने ती मासोळीच होती, आणि तिचा उच्चांक होता नऊ दिवसांचा.

नऊ दिवस आपण नाही असं ऐकलं की माणूस आरशात बघून खात्री करायला लागतो. मासोळी करायची.

मग फौजदारला टाकीचा नाद लागला. एका कातडीच्या डॉक्टरच्या बाहेर बसली असताना तिनं टाकी बघितली आणि परत आल्या आल्या हुकूम सोडला.

"ए मासोळी, तुझ्या बापाचं दुकान आहे ना? आपल्याला टाकी हवी. या टेबलावर मावेल एवढी. त्यात ते पिसाऱ्यावाले लाल-निळे फायटर हवेत. पाच-सहा सोड."

"नर एकत्र राहत नाहीत, ताई. एकमेकांना फाडतात."

"मग तेच बघायचंय की," फौजदार म्हणाली. जुळ्या हसल्या.

टेबल दोन फुटांचं. नर नाहीत तर माद्या, असं ठरवून रविवारी मासोळी दुकानात गेली, तेव्हा वडील टाकीच्या काचेवरचं शेवाळ ब्लेडनं खरवडत होते. पोरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांना दिसली नाहीत. दोन फूट हा आकडा मात्र त्यांना टोचला.

"पाच माद्या? दोन फुटांत? पन्नास-पंचावन्न लिटर पाणी होतं ते. तीन फूट घे."

"टेबल एवढंच आहे, बाबा."

"मग एक नर ठेव. राजासारखा राहील."

"पाच हव्यात त्यांना."

वडिलांनी ब्लेड पुसलं. माद्यांचं गणित त्यांना तोंडपाठ होतं. दोघी ठेवल्या तर एक दुसरीला मारते. तिघी ठेवल्या तर दोघी मिळून तिसरीला. पाच-सहा असल्या तर चावे वाटले जातात, कुणा एकीच्या वाट्याला सगळे येत नाहीत. पण त्यालाही जागा हवी, दाट झाडं हवीत, लपायला पाचांना दहा बिळं हवीत, आणि सगळ्या एकाच वेळी पाण्यात सोडायला हव्यात.

"एवढं करूनसुद्धा," ते म्हणाले, "जागा कमी पडली की त्या एक निवडतात. सगळ्यांत फिकी असेल ती. आणि काही लोकांना वाटतं, ती बिचारी काढून घेतली की झालं. काही होत नाही. भांडण थांबत नाही, त्याचा फक्त पत्ता बदलतो. दुसऱ्या दिवशी तिच्या वरची फिकी पडते."

मासोळी टाकी धरून उभी होती. आपल्याला कुणीतरी आपल्याच खोलीचा नकाशा काढून दाखवतोय असं तिला वाटलं, आणि दाखवणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"तुझं ठीक चाललंय ना?" निघताना वडिलांनी विचारलं.

"हो."

"पाण्यात हीटर लाव. सव्वीसच्या खाली जाऊ देऊ नकोस."

टाकी टेबलावर बसली. झाडं लावली, नारळाच्या करवंट्या उलट्या ठेवल्या, पाचही माद्या एकदम सोडल्या. फौजदारनं तिथंच नावं ठेवली. लाल, जाड मानेची ती फौजदार. दोन निळ्या त्या जुळ्या. पिवळसर ती मासोळी. पाचवी काळपट-हिरवी, शेपटीला आधीच एक खाच पडलेली. तिला नाव नव्हतं, कारण पाचवी खाट रिकामी होती.

तीन दिवस टाकीत धावपळ झाली. लाल मादी कल्ले फुगवून सगळ्यांच्या अंगावर जायची. चौथ्या दिवशी धावपळ थांबली, कारण निवड झाली होती. पाचवी मादी फिल्टरच्या मागं पाण्याच्या पृष्ठभागाशी लटकून राहिली, अंगावर आडवे फिके पट्टे उमटलेले, आणि या माशांना लागते ती वरची हवा घ्यायला तोंड काढलं की लाल तिच्या शेपटीचा लचका तोडायची. निळ्या पण येऊन जाता जाता एकेक घ्यायच्या. आणि पिवळी? पिवळी मस्त झाडांतून फिरत होती, खात होती, अंगानं भरली होती. तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

मासोळी टाकीसमोर बराच वेळ बसली. त्या दिवशी 'ती' नव्हती, त्यामुळं तिला कुणी उठवलंही नाही.

वाईट विचार माणसाला एकदम येत नाही म्हणतात. खोटं आहे ते. मासोळीला तो एकदम आला, पूर्ण आला, हातपाय-नाक-डोळ्यांसकट आला. खोलीत पाचवी हवी.

पहिल्या वर्षाच्या नव्या मुली तेव्हा खालच्या हॉलमध्ये गाद्या टाकून राहत होत्या, खोल्या मिळायची वाट बघत. मासोळीनं आठवडाभर त्यांचं निरीक्षण केलं. तिच्या बापानं गिऱ्हाइकाच्या टाकीसाठी मासा देण्याआधी जेवढा विचार केला असता, तेवढा तिनं केला. चावणारी नको, ती फौजदारला चावेल आणि उद्या फौजदारच होईल. कुणा मोठ्या साहेबाची भाची नको. खूप आजारी नको, लवकर सोडून जाईल. शेवटी तीन उरल्या. तिघींची परीक्षा तिनं मेसच्या रांगेत घेतली, रोज एक. हातातला चहा तिनं धक्का लागल्यासारखं करून त्यांच्या पांढऱ्या बुटांवर सांडला.

पहिली म्हणाली, "डोळे फुटले का?" ती बाद. दुसरीनं एवढं भोकाड पसरलं की मेसवाल्या बाईपासून मेट्रनबाईपर्यंत सगळ्या धावत आल्या. तीही बाद, जिच्यासाठी माणसं धावतात ती उपयोगाची नाही. तिसरीचा पाय बुटाच्या वर चांगला भाजला होता, कातडी लाल झाली होती. ती म्हणाली, "माझंच पाऊल पुढं होतं, ताई. तुमच्या हातावर नाही ना पडला?" आणि स्वतःच्या रुमालानं मासोळीची बोटं पुसायला लागली.

मासोळीला तेव्हा लाज वाटली. खरंच वाटली. पण लाज ही पाहुण्यासारखी असते, दोन दिवस राहते आणि जाते.

तिसऱ्या दिवशी ती मेट्रनबाईंच्या टेबलासमोर उभी होती. "बाई, आमच्याकडं एक खाट रिकामी आहे. हॉलमधली ती एक मुलगी गरीब दिसते. तिला द्या आमच्यात. मी बघीन तिच्याकडं, अभ्यासही घेईन."

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. वीस वर्षांत कुणी हॉस्टेलात स्वतःहून आपल्या खोलीत माणूस मागितलं नव्हतं. "अशा मुली हल्ली दिसत नाहीत गं," त्या म्हणाल्या, आणि तिथल्या तिथं सही केली.

मुलगी आली. एक पत्र्याची पेटी, एक उशी, आणि चेहऱ्यावर कायमचं माफी मागितल्यासारखं हसू. खोलीत तिचं नाव पडलं नवी. मासोळीनं आदल्या दिवशीच मधली खाट झाडून आपली गादी तिकडं टाकली होती. बाथरूमजवळची खाट नवीच्या वाट्याला आली. टाकीतल्या पाचव्या मादीलाही नाव मिळालं.

फौजदारनं आठ दिवस नव्या मुलीला जोखलं. मग एका सकाळी केस विंचरता विंचरता म्हणाली, "आज ती नाही."

अकरा महिन्यांची सवय. मासोळीनं मान खाली घातली, आता टॉवेल येईल म्हणून. टॉवेल उडाला आणि नवीच्या मांडीवर पडला. एका जुळीनं मासोळीला विचारलं, "तुझ्याकडं सेफ्टी पिन आहे का गं?"

तिला विचारलं! साधी पिन मागितली, पण तिला बघून, तिला विचारून. मासोळीचा जीव भांड्यात पडला. तिनं पिनांचं अख्खं पाकीट पुढं केलं. त्या दुपारी ती गाढ झोपली, इतकी की तोंडातून लाळ गळाली.

नवीचं पुढं काय झालं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. छळाला कल्पकता फार लागत नाही, वेळ लागतो, आणि त्या खोलीत वेळ होता. तिची गादी ओली व्हायची. तिच्या वहीतली पानं जायची. दहाव्या दिवशी मासोळीचा उच्चांक मोडला. नवी कुणालाच काही सांगायची नाही, आणि मासोळीनं न ठरवलेली एक गोष्ट तिच्या वाट्याला आली: नवीचा जीव तिच्यावर जडला. कारण बाकीच्यांसमोर मासोळीही तिला बघायची नाही, पण मेसच्या मागं, धुण्याच्या दोरीपाशी, ती तिच्याशी बोलायची. बुडत्याला काडीचा आधार. काडीनंच बुडवलंय हे बुडणाऱ्याला कसं कळावं?

एकदा वॉर्डात तपासणी होती. फौजदारनं नवीची कडक इस्त्रीची टोपी उचलली आणि मासोळीच्या हातात दिली. "टाक टाकीत. पाण्यात हात घालायची सवय तुलाच आहे."

मासोळीनं क्षणभर फौजदारकडं बघितलं. फौजदारही तिच्याकडं बघत होती, भुवई किंचित वर. मासोळीनं टोपी पाण्यात दाबली. ती लगेच बुडेना, म्हणून वर एक करवंटी ठेवली.

नवी ओल्या टोपीनिशी सबंध पाळी वॉर्डाच्या बाहेर उभी राहिली. तिथून जाणाऱ्या प्रत्येक डॉक्टरनं तिच्याकडं बघितलं. मासोळीनं नंतर तिला आपली जादा टोपी दिली. नवीनं ती दोन्ही हातांनी घेतली. "तुमचे उपकार कसे फेडू, ताई?"

नवीला टाकीतल्या आपल्या मादीची फार काळजी. एक दिवस तिनं विचारलं, "ताई, हिला वेगळ्या बरणीत काढू या का? शेपटी राहिलीच नाही तिची."

काढायलाच हवी होती. मासोळीच्या वडिलांनी हे चित्र बघितलं असतं तर सगळी टाकी उचलून नेली असती. पण ती काढली तर उद्या पिवळी. आणि पिवळीचं नाव काय होतं ते सगळ्या खोलीला पाठ होतं. फौजदारला खेळ सुचायला तेवढं पुरलं असतं.

"नको," मासोळी म्हणाली. "एकटी पडली की खाणं सोडतात त्या. चौघींत राहू दे. सवय होईल."

नवीनं मान हलवली. माशांच्या दुकानदाराच्या मुलीला जास्त कळणार, हे उघडच होतं. चौथ्या दिवशी पाचवी मादी फिल्टरला चिकटून मेलेली सापडली. नवी रडली नाही. तिनं तिला कागदात गुंडाळून गॅलरीतल्या कुंडीत पुरलं आणि हात धुतले. शुक्रवारी सकाळी पिवळीच्या शेपटीला पहिली खाच पडली होती.

आणि शुक्रवारीच दुपारी, धुण्याच्या दोरीपाशी चादरीची घडी घालताना, नवी हळूच म्हणाली, "ताई, तुम्हालाच सांगते. मी हॉलमध्ये परत जायचा अर्ज लिहिलाय."

मासोळीच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं. खोल्यांची यादी शनिवारी कायम होणार होती. एकदा मेट्रनबाईंनी वहीत नावं चढवली की वर्षभर कुणाला हलता येत नव्हतं आणि कुणाला येता येत नव्हतं. उद्या नवी गेली की पुढचं सबंध वर्ष त्या खोलीत चौघीच. दोन फुटांत चौघी, आणि त्यांतली सगळ्यांत फिकी कोण ते सांगायला बाप नको होता.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणून तर एवढे दिवस काढले."

मग मासोळीनं तिला सगळं सांगितलं. स्वतःचे अकरा महिने, नऊ दिवसांचा तो उच्चांक, बाथरूमची कडी, आरसा. आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, बापालासुद्धा नाही. सांगता सांगता तिला हुंदका आवरेना. नवीनं तिला जवळ घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि दोघी ओल्या चादरीआड उभ्या राहून रडल्या. मासोळीचं रडणं खरं होतं, हेच त्यातलं वाईट. त्या घटकेला तिला नवीबद्दल एवढी माया वाटली की हिला कायम आपल्याजवळ ठेवावं, हिच्यावाचून आपण जगणार नाही. आणि ते अक्षरशः खरं होतं.

नवीनं डोळे पुसले. "मग ताई, तुमचं कसं थांबलं?"

मासोळीनं सुटलेलं चादरीचं टोक उचललं. दोरीवरून पाणी टपकत होतं.

"आपोआप," ती म्हणाली.

"माझंही थांबेल?"

"थांबेल ना."

नवीनं चादरीची घडी पुरी केली. "तुमच्याइतका धीर माझ्यात नाही, ताई. मी उद्या अर्ज देते. रागावू नका."

शनिवारी नवी हातात कागद घेऊन खाली गेली. मासोळी आपल्या खाटेच्या कडेला बसून राहिली. टाकीत पिवळी फिल्टरच्या मागं गेली होती. फौजदार खिडकीत बसून पांढऱ्या बुटांना खडू लावत होती.

"ऐकलं, नवी चालली," फौजदार म्हणाली. "बरं झालं, मला कंटाळाच आला होता तिचा. काही केलं तरी हसते." तिनं एक बूट उजेडात धरून बघितला. मग मान न वळवता म्हणाली, "ती मधली खाट कपड्यांना बरी होती, नाही का गं?"

जुळ्या हसल्या. मासोळीनं मांडीवरची वही उचलून उशीखाली सरकवली. अजून कुणी काही केलं नव्हतं. पण तिच्या मांड्यांना ओला टॉवेल आत्तापासून गार लागत होता.

जिन्यावर पावलं वाजली. पळत येणारी. दार आपटलं, आणि नवी सरळ आत येऊन मासोळीच्या गळ्यात पडली. तिच्या मुठीत कागदाचे तुकडे होते.

"तुम्ही मला मागून घेतलं होतं!"

जुळ्यांनी फौजदारकडं बघितलं.

"मेट्रनबाई म्हणाल्या, अर्ज कसला देतेस वेडे, त्या मुलीनं माझ्यासमोर उभं राहून तुला मागून घेतलंय. तुलाच. एवढ्या हॉलमधून." नवीला धाप लागली होती. "ताई, तुम्ही बोलला का नाहीत? मला वाटत होतं चिठ्ठ्या टाकल्या असतील, माझी आली असेल. आजवर जिथं गेले तिथं मला ढकललंय, ताई. आईबाप गेल्यावर मामानं काकाकडं, काकानं इकडं. मागून कुणी घेतलं नव्हतं हो. मी नाही जायची. मारलं तरी नाही जायची."

फौजदारनं बूट खाली ठेवला. ती मासोळीकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं. फौजदार दुष्ट होती, पण मठ्ठ नव्हती. तिनं मनात तारखा जुळवल्या, खाटा जुळवल्या, टाकीकडं एकदा बघितलं, आणि हिशेब लागल्यासारखी ओठांतल्या ओठांत हसली.

"अगं बाई," ती म्हणाली, "आणि आम्ही हिला काय समजत होतो!" ती उठून मासोळीच्या शेजारी येऊन बसली. अकरा महिन्यांत आणि त्यानंतरही कधी बसली नव्हती. तिनं मासोळीच्या खांद्यावर हात टाकला. "मग सांग की तिला. हीच का निवडलीस? आम्हालाही कळू दे."

"सांगा ना, ताई," नवी म्हणाली. ती खाली फरशीवर बसली होती, चेहरा वर करून. "काय बघितलंत माझ्यात?"

मासोळीला तेव्हा खरं सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. नवी उठली असती, खाली गेली असती, नवा अर्ज लिहिला असता. वही अजून बंद झाली नव्हती. खांद्यावरचा हात जड होता आणि उबदार होता.

"तू रडत नाहीस," मासोळी म्हणाली. "उलट बोलत नाहीस."

"आणखी?" फौजदारनं विचारलं.

"कुणी काही केलं तरी स्वतःचीच चूक मानतेस. कुणाला सांगत नाहीस. तुझ्यासाठी भांडायला कुणी येणार नव्हतं."

जुळ्यांपैकी एकीनं तोंडावर हात धरला. नवीचे डोळे भरून आले.

"एवढं निरखून मला कुणी बघितलंच नव्हतं," ती म्हणाली. मग तिला एकदम काहीतरी सुचलं. पेटीतून तिनं जुना फोन काढला. "काकीला सांगते. ती म्हणाली होती, तुला कुठं कुणी ठेवून घ्यायचं नाही."

तिनं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"काय गं?" पलीकडून काकीचा खरखरीत आवाज आला. "काय झालं? काढून टाकलं ना?"

"नाही काकी. मला इथं मागून घेतलंय. एका ताईंनी, स्वतः."

"तुला?"

"हो, मला. इथंच आहेत त्या. बोला ना, ताई."

फोन मासोळीच्या हातात आला. फौजदारनं तिच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

"नमस्कार, काकी."

"तुम्हीच का त्या? बरं झालं बाई, सुटले मी." काकी हसली. "नीट पारखून घेतलीत ना? नंतर तक्रार चालायची नाही. आम्ही काही तिला परत घ्यायचो नाही हं."

फौजदारला हसू फुटलं. ती फुटली तशा जुळ्या फुटल्या, एकमेकींना धरून, पोट दाबून.

"पारखून घेतलीय, काकी," मासोळी म्हणाली.

"मग ठेवा तुमच्याकडंच. आणि चुकली तर द्या दोन ठेवून, मारलं तरी सांगत नाही ती कुणाला. एवढा एक गुण आहे पोरीत."

त्यावर खोलीभर हसू उसळलं. सगळ्यांत मोठ्यानं नवी हसली, कारण काकी तिच्याबद्दल एवढं सलग, न रागावता, पहिल्यांदाच बोलली होती.